विचारा सिस्टरांना : गोळी वॉर्डाच्या वेळेला की पेशंटच्या?

(सरकारी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या आणि आता कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णांच्या व त्यांच्या घरच्यांच्या गटाचं काम पाहणाऱ्या आमच्या स्तंभलेखिका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या अंकात मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांविषयी आलेली तीन पत्रं.)

सिस्टर, नमस्कार. माझे मिस्टर एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झाले. बरीच वर्षं पार्किन्सन्स आहे. सिंडोपाच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा घेतात : सकाळी सहा, साडेनऊ, दुपारी एक, साडेचार, रात्री आठ. घरी मी मोबाइलला गजर लावून देते. मार्चमध्ये न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनसाठी ॲडमिट केलं, तर पहिल्याच दिवशी आमच्या गोळ्यांची पिशवी काढून घेतली आणि गोळ्या वॉर्डाच्या वेळेला मिळायला लागल्या. साडेनऊची कधी अकराला, एकची दोननंतर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कुशीवर वळेनात, पाण्याचा घोट गिळेनात. मी आरडाओरडा केला तर म्हणाले, 'काकू, घाबरू नका, वयस्कर माणसांना ऑपरेशननंतर असं होतंच.' पुढे फिजिओथेरपीला जाताना आणखी चार-पाच जणी भेटल्या, प्रत्येकीची हीच कथा. आता आम्ही सात-आठ घरं एकत्र येऊन काहीतरी करायचं म्हणतोय. मुलगा म्हणतो, दवाखान्याशी भांडून काय मिळणार, उद्या गरज पडली तर तिथेच जायचंय. सुरुवात कुठून करायची? नोंदणी लागते का? — एक वाचक, सांगली जिल्हा

ताई, तुमच्या मुलाचं निम्मं बरोबर आहे. उद्या तिथेच जायचंय म्हणून भांडण नको, पण त्याच कारणासाठी गप्प बसूनही चालणार नाही.

आधी वॉर्डात काय घडतं ते सांगते. ते माहीत नसताना लिहिलेलं पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. केसपेपरवर लिहिलेलं असतं 'दिवसातून पाच वेळा', नाहीतर नुसतंच 'घरच्या गोळ्या चालू ठेवा'. वॉर्डाचं औषधाचं घड्याळ मात्र ठरलेलं : सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ-नऊ. ट्रॉली एक नंबरच्या खाटेपासून निघते. तीसेक खाटांना दोन सिस्टर. सात नंबरची सलाइन थांबलेली असते, अकरा नंबरला उलटी होते, तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा राउंड येतो आणि ट्रॉली भिंतीला लागते. तुमचे मिस्टर चोवीस नंबरला असतील, तर त्यांच्यापर्यंत ती पोहोचायला तास उलटून जातो. बीपीच्या नाहीतर कॅल्शियमच्या गोळीला तासभर उशीर झाला तर काही बिघडत नाही. त्यामुळे उशीर म्हणजे गंभीर गोष्ट, हे वॉर्डात कुणाच्या डोक्यातच येत नाही.

सिंडोपातल्या लेव्होडोपाचं तसं नाही. तिचा रक्तातला अंमल साधारण दीड तासात निम्म्यावर येतो. आजार नवा असताना मेंदूला थोडीफार शिल्लक टाकता येते, जुना झाला की ती सोय संपते आणि माणूस अक्षरशः गोळी ते गोळी जगतो. वेळ टळली की 'ऑफ'. हातपाय ताठ, आवाज बसलेला, गिळणं बंद. त्यात कुणी मायेने चमचाभर पेज भरवली तर ती श्वासनलिकेत जायची आणि न्यूमोनिया. आणि गोळी एकदम बंदच पडली, तर भयंकर ताप चढून अंग कडक होतं, जिवावर बेतू शकतं. 'वयस्कर माणसांना असं होतंच' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. कधी ते खरं असतं. पण पार्किन्सन्सच्या पेशंटबाबत ते म्हणण्याआधी शेवटची गोळी किती वाजता दिली ते बघायला हवं.

पिशवी काढून घेण्यामागेही कारण असतं. पेशंटने उशाखालून एक गोळी घ्यायची आणि ट्रॉलीवरून सिस्टरनेही द्यायची, असं झालं तर डोस दुप्पट. नियम चांगलाच आहे. तुम्हाला त्या नियमात एक अपवाद करून घ्यायचाय, एवढंच. मागणी इतकी लहान आहे हे तुमच्या पत्रातून दिसलं पाहिजे.

हे काम आधी झालेलं आहे. इंग्लंडमधल्या पार्किन्सन्सच्या रुग्णसंघटनेने, म्हणजे पार्किन्सन्स यूकेने, २००६ पासून नेमकी हीच मागणी लावून धरली. त्या मोहिमेचं नाव 'गेट इट ऑन टाइम', गोळी वेळेवर द्या. नवं औषध नको, नवी इमारत नको, वेळ पाळा. ती इतकी वर्षं लावून धरल्यावर आज तिथल्या आरोग्यसेवेच्या गुणवत्तेच्या निकषांत लिहिलेलं आहे की इस्पितळात दाखल असलेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णाला लेव्होडोपा ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत मिळाली पाहिजे. माझी एक विद्यार्थिनी तिकडे नर्स आहे. ती सांगते, अजूनही उशीर होतो. फरक एवढाच की उशीर झाला की त्याची नोंद होते आणि कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे उशिराला उशीर म्हणायलाच कुणी नाही.

आता तुमचं पत्र. सात-आठ घरांनी आपापली कर्मकथा लिहून जोडू नका, पानं बघूनच वाचणारा दमतो. प्रत्येक घराने चार ओळी द्या : तारीख, घरी गोळीची वेळ कोणती होती, वॉर्डात किती वाजता मिळाली, त्यानंतर काय झालं. एकच तक्ता करा. डॉक्टरांची, सिस्टरची नावं त्यात नकोत. नाव आलं की प्रत्येक जण स्वतःची बाजू मांडायला लागतो आणि गोळी बाजूला राहते. एका पेशंटचा उशीर म्हणजे 'त्या दिवशी गर्दी होती'. आठ पेशंटांचा एका कागदावर दिसला की तो व्यवस्थेचा प्रश्न होतो.

पत्र मेडिकल सुपरिंटेंडेंटना द्या, आणि एक प्रत मेट्रनना, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांना. ही दुसरी प्रत विसरू नका. सुपरिंटेंडेंट सही करतील, पण ट्रॉली कुठल्या खाटेपासून निघायची हे मेट्रनच्या शब्दावर ठरतं. मागायचं काय? केसपेपरवर 'पाच वेळा' न लिहिता घड्याळातली वेळ लिहावी. गोळी वॉर्डाच्या साठ्यात नसेल तर पेशंटची स्वतःची, सिस्टरच्या ताब्यात ठेवून, वेळेवर द्यावी. ड्युटी बदलताना हँडओव्हरमध्ये ही खाट वेगळी सांगावी. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवताना गोळीचं काय करायचं ते भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशीच लिहून द्यावं, कारण घोटभर पाण्यासोबत गोळी घेता येते का किंवा राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, द्यायची का, हा त्यांचा निर्णय असतो. (सीआर असं लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी कुटून ट्यूबमधून घालायची नसते, हे घरच्यांनाही माहीत असू द्या.) यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. पत्रात तसं लिहाच. 'बजेट नाही' हे उत्तर आधीच बाद होतं.

आणखी एक ओळ घाला, ही फार महत्त्वाची. ऑपरेशननंतर मळमळलं की वॉर्डात सहज दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड, किंवा प्रोक्लोरपेराझिन, आणि रात्री पेशंट बडबडायला लागला की दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल, ही तिन्ही पार्किन्सन्स वाढवतात. लेव्होडोपापासून मेंदूत जे डोपामिन तयार होतं, त्याचंच काम ती अडवतात. मळमळीला दुसरी औषधं आहेत, कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. या तिघांची नावं लाल शाईने लिहिलेलं कार्ड प्रत्येक घराने करून घ्या आणि ॲडमिट होताना केसपेपरला टाचून टाका. मागच्या बाजूला गोळ्यांच्या वेळा. आमच्या गटात हे कार्ड सगळ्यांच्या पाकिटात असतं. रात्रपाळीची एखादी नवखी मुलगी दोन वाजता कुणाला फोन करणार? ती कार्ड वाचते.

भेटीला जाल तेव्हा एखादा पेशंट सोबत न्या. नुसत्या बायका गेल्या की 'नातेवाइकांची काळजी' म्हणून ऐकून घेतात, ज्याला आजार आहे तो बोलला की खुर्ची पुढे सरकते. वेळ ठरवताना गोळीच्या हिशोबाने ठरवा. साडेनऊची गोळी असेल तर सव्वादहा-साडेदहाची भेट मागा. काही जण सुचवतात की मुद्दाम 'ऑफ'मध्ये न्या, साहेबांना कळू दे. मला ते मान्य नाही. माणसाला प्रदर्शनात मांडायचं नसतं. शिवाय त्याला बोलता आलं पाहिजे. तुमचे मिस्टर कंट्रोलर होते ना? गाडी किती मिनिटं लेट आहे हे स्टँडवर उभं राहून सांगण्यात त्यांची हयात गेली. त्यांनाच बोलू द्या.

पत्र दिल्यावर आवक-जावकचा शिक्का आणि नंबर घेऊनच बाहेर पडा. महिन्याने त्या नंबरचा हवाला देऊन पुन्हा जा. खाजगी दवाखाना असेल तर महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेला बदल ध्यानात ठेवा. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं त्यात बंधनकारक झालं आणि नोंदणी करणाऱ्या स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार निवारणाची सोय असायला हवी, असंही आलं. तुम्हाला तिथवर जावं लागेल असं वाटत नाही. पण बोलता बोलता 'सनद कुठे लावलीय हो?' असं विचारायला हरकत नाही.

नोंदणीची घाई नको. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आपल्या राज्यात पुढे धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंद, दरवर्षी हिशेब, बदल अर्ज. पैसे गोळा करायचे असतील, बँकेत खातं काढायचं असेल तेव्हा ते करा. पत्र लिहायला नोंदणी लागत नाही. मी असे गट पाहिलेत जे घटना लिहिण्यात आणि अध्यक्ष कोण यातच विरून गेले. दुसरे असे, जे दर महिन्याला नवे डॉक्टर बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, चहा पितात आणि घरी जातात. डॉक्टर जरूर बोलवा, पण 'आमच्या पेशंटच्या केसपेपरवर वेळ लिहाल का?' हे भाषण संपल्यावर सगळ्यांसमोर विचारा. हो म्हणाले की झालं काम.

एकट्याने सगळं उभं करू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून गट चालवते आहे. त्यांच्याशी जोडून घ्या. तुमचं कार्ड, तुमचं पत्र त्यांना पाठवा, त्यांचं मागवा.

जाता जाता : तुमच्या व्हॉट्सॲप गटावर कुहिलीच्या, म्हणजे खाजकुयलीच्या, बियांचं चूर्ण एव्हाना येऊन गेलं असेलच. खाजकुयलीच्या बीमध्ये लेव्होडोपा असते हे खरंच आहे. म्हणूनच ते गोळीच्या जोडीने मनाने घ्यायचं नसतं, डोस किती झाला याचा हिशोबच राहत नाही. आणि लोहाची गोळी चालू असेल तर तीही सिंडोपाबरोबर एकाच घोटात नको, शोषण कमी होतं. किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

आदरणीय मॅडम, मी जिल्हा परिषदेत क्लार्क आहे, वय ३८. तीन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. दिसायला धडधाकट आहे, पण दुपारनंतर पाय उचलत नाहीत, डोळ्यांसमोर धूसर होतं, लघवीला सारखं जावं लागतं. तिसऱ्या मजल्यावर टेबल, लिफ्ट बंद. साहेब म्हणतात, झेपत नसेल तर स्वेच्छानिवृत्ती घे. आमच्याच कार्यालयात लकवा होऊन गेलेले एक आणि पार्किन्सन्सच्या एक मॅडम आहेत. त्यांनाही तेच ऐकवलं. आजार वेगवेगळे, मग एकत्र कसं येणार? — एक वाचक, विदर्भ

भाऊ, राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. आधी हे, मग बाकीचं.

१९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते, तुमच्या आजाराचं त्यात नाव नव्हतं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात २१ प्रकार आहेत. 'दीर्घकालीन चेतासंस्थेचे आजार' म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स दोन्ही नावानिशी आहेत. ही नावं आपोआप आली नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत १९८५ मध्ये सुरू झाली, आणि 'वरून धडधाकट' दिसणाऱ्या माणसांचं अपंगत्व कागदावर यावं म्हणून अशा संस्थांच्या लोकांनी सरकारदरबारी चपला झिजवल्या.

तुमच्या कामाचं कलम २० आहे. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं पद द्यायचं. तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जादा काढलेल्या, पदावर ठेवायचं. जिल्हा परिषद या 'सरकारी आस्थापने'त येते. टेबल तळमजल्यावर आणणं, स्वच्छतागृहाजवळ बसवणं, ही त्याच कायद्यातली वाजवी सोय आहे, मेहेरबानी नव्हे. एक कटू गोष्टही सांगते. नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाचं कलम ३४ वाचलंत तर त्यात तुमच्या आजाराचं नाव सापडणार नाही. तिथली लढाई अजून बाकी आहे. पण तुम्ही नोकरीत आहात, तुमचं कलम २० पक्कं आहे.

स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. तपासणीला सकाळी ताजेतवाने असताना जाऊन 'चालून दाखवा' म्हटल्यावर ऐटीत चालून दाखवू नका. दुपारचं काय, जिना चढल्यावर काय, लघवीचं काय, हे बोर्डाला तोंडाने सांगा आणि न्यूरॉलॉजिस्टच्या कागदावर लिहून न्या. पुरुषमाणसं लघवीचं सांगत नाहीत. मी वॉर्डात पाहिलंय, पत्नीला बाहेर पाठवल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

आजार वेगळे म्हणता, पण लिफ्ट एकच बंद आहे ना? तुम्ही तिघं मिळून एकच अर्ज द्या : लिफ्ट, तळमजल्यावर टेबल, कलम २० खाली लेखी उत्तर. प्रत्येक सरकारी आस्थापनेत कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. अर्ज त्यांच्या नावे द्या. 'असा कुणी नाही' म्हणाले तर तेच लिहून मागा आणि तो कागद जोडून पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार पाठवा. आणि साहेबांनी स्वेच्छानिवृत्तीचं पुन्हा तोंडी सुचवलं तर 'साहेब, लेखी द्या' एवढंच म्हणा. बहुधा ते देणार नाहीत.

सिस्टर, माझ्या मुलीला बारावीपासून फिट्स येतात. गोळ्यांवर आता दोन वर्षं एकही नाही. शहरात फिट्सच्या रुग्णांचा गट आहे, तिला जायचंय. पण स्थळं बघतोय, तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर? आजीचं म्हणणं, फिट असेल तर लग्नच मोडतं, कायदाच तसा आहे. — एक आई, नाशिक

आजींनी सांगितलेला कायदा जुना झाला. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फिट्स हे खरंच लग्नाच्या आड येणारं कारण होतं. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने आणि फिट्सवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी पाठपुरावा केला आणि १९९९ च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द तिथून निघाला. त्याला आता पंचविसावर वर्षं झाली, तरी स्थळ सांगून येतं तेव्हा सगळ्यांना जुनाच कायदा आठवतो.

लपवून मात्र लग्न लावू नका. ते नैतिक म्हणूनच सांगते असं नाही. लपवलं तर फसवणुकीचा मुद्दा उभा करता येतो, आणि मुख्य म्हणजे सासरी ती गोळी लपवून घेणार, मग चुकवणार, मग फिट येणार. ही साखळी मी इतक्यांदा पाहिलीय की आता पुढचं वाक्य पेशंटच्या आधी मीच बोलते. दोन्हीकडून बोलणी पुढे जातील तेव्हा, साखरपुड्याच्या आधी, न्यूरॉलॉजिस्टच्या समोर बसवून सांगा. तिची गोळी व्हॅल्प्रोएट असेल तर पुढच्या बाळंतपणाचा विचार करून ती बदलायची का, हे लग्नाआधीच विचारा. मनाने बंद करू नका.

गटाला तिला जाऊ द्या. ओळखीचं कुणी भेटलंच, तर तेही त्याच कारणासाठी आलेलं असणार, ते कुणाला काय सांगतील? आमच्याकडच्या फिट्सच्या मुलींनी मागच्या वर्षी एक काम केलं : आपापल्या कॉलेजच्या एनएसएसमध्ये जाऊन फिट आल्यावर काय करायचं ते दाखवलं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, दातात चमचा नाही, नाकाला कांदा-चप्पल नाही, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. एक मुलगी सतरंजीवर आडवी झाली, दुसरीने तिला वळवलं. बघणाऱ्या पोरांपैकी एक जण नंतर येऊन म्हणाला, माझ्या बहिणीला येते, मी तिला घेऊन येऊ का?

तुमच्या मुलीला विचारा, तिला यातलं काय करायला आवडेल. आणि स्थळ बघणाऱ्यांना आधी मुलीचं शिक्षण, नोकरी सांगा, मग आजार. त्याच क्रमाने सांगा.